सारखं की अलग

वैजयंती लालबागेतल्या एका खासगी शाळेत हिंदी शिकवायची. यंदा तिला पाचवीचं इंग्रजीही दिलं, आणि पहिल्याच आठवड्यात पोरं तिचे उच्चार दुरुस्त करू लागली. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून, स्पेलिंग वेगळं पण उच्चार एकच, अशा शब्दांच्या जोड्या म्हणायची. 'बेरी' म्हणजे फळ आणि 'बेरी' म्हणजे पुरणं. दुसऱ्याला ती जन्मभर 'बरी' म्हणत आली होती. ऐकायला तिची मोठी जाऊ, मनकर्णा. मनकर्णाला इंग्रजी येत नव्हतं, पण इथे नुसता कान पुरे होता. पोळ्या लाटता लाटता ती पाठमोरीच निकाल द्यायची, "सारखं" किंवा "अलग".

त्या मंगळवारी पहिली पोळी तव्यावर पडेपर्यंत सगळं सारखं आलं. मग 'फ्लावर'ची जोडी, एक फूल आणि एक पीठ. त्यातलं फूल नीट आलं, पीठ मात्र 'फ्याव' असं काहीतरी.

"अलग," मनकर्णा म्हणाली.

वैजयंतीने पुन्हा म्हटलं. आता फूलही बिघडलं. मनकर्णाला वाटलं, ही थट्टा करतेय.

"वैजू, नीट बोल ना," म्हणत ती वळली आणि तशीच थिजली. वैजयंतीच्या ओठाचा उजवा कोपरा खाली ओघळला होता. पुस्तक मांडीवरून घसरलं होतं आणि ते उचलायला तिचा हात उठत नव्हता. भयंकर हे, की तिला स्वतःला काही कळलंच नव्हतं. आपण बरोबर म्हणतोय आणि ही उगाच चूक काढतेय, अशा रागाने ती जावेकडे बघत होती.

 माहेरी, खकनारला, मनकर्णाच्या वडिलांचं तोंड असंच वाकडं झालं होतं. घरच्यांनी सकाळपर्यंत तेल चोळलं. वडील पुन्हा कधी बोलले नाहीत.

तिच्या हाकेने वैजयंतीचा नवरा, जीवन, धावत आला. आज हिचा उपास आहे, चक्कर आली असेल, असं म्हणून तो साखरपाणी पाजायला निघाला. मनकर्णाने पेला त्याच्या हातातून काढून घेतला. दिरावर तिने आजवर आवाज चढवला नव्हता.

"काही पाजू नका, भाऊ. गाडी काढा."

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी हेच विचारलं, की ही शेवटचं नीट कधी बोलली. जीवनला सांगता येईना. मनकर्णाने सांगितलं, पोळ्यांना बसले तेव्हा चांगली बोलत होती, त्याला तासही झाला नाही. डोक्याचं स्कॅन झालं, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लागलं. फार उशीर झाला असता तर ते देता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. ते ऐकून मनकर्णा बाकावर बसली. बोटांवर कणीक वाळली होती.

सकाळी वैजयंतीने जीवनला हाक मारली. शब्द जड होता, पण नाव कळलं.

आता ती शाळेत जाते, भांडतेही पूर्वीसारखीच. पण बोलता बोलता एखादा शब्द आठवायला ती जरा थांबली, की मनकर्णा हातातलं काम सोडून तिच्या ओठांकडे बघते.