खाकी पेन

"बाबा, जरा किचनमध्ये येता का? पण आधी प्रॉमिस करा, चिडणार नाही."

सुनेची ही हाक ऐकली आणि मनोहरराव हातातला पेपर टाकून उठले. अपर्णा तशी धीट. इंदूरची मुलगी, कोलार रोडच्या या फ्लॅटमध्ये पाल निघाली तरी झाडूने हाकलणारी. ती घाबरली म्हणजे प्रकरण साधं नव्हतं.

ओट्यावर परात, परातीत गरम पाणी, पाण्यावर भांड्यांच्या साबणाचा फेस आणि फेसात मनोहररावांची जुनी फाउंटन पेनं!

"उद्या तुमचं प्रदर्शन ना, म्हटलं सरप्राइज देऊ. बाकीची तर एकदम मस्त निघाली हो. हे एकच असं कसं झालं?"

तिने एक पेन पुढे केलं. सकाळपर्यंत जांभळासारखं काळं होतं, आता पोलिसाच्या गणवेशाच्या रंगाचं झालं होतं.

जुन्या पेनांचा नाद ज्याला आहे, त्याला हे सांगावं लागत नाही. हे एक पेन एबोनाइटचं, म्हणजे कडक केलेल्या रबराचं. जुन्या एबोनाइटला गरम पाणी सोसत नाही, बघता बघता ते खाकी होतं. पण अपर्णाला हे कोण सांगणार? धुतलं की वस्तू उजळते, एवढंच तिचं शास्त्र.

मनोहररावांनी ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. घरात पेनं ढिगाने पडली होती, पण बिघडायला नेमकं हेच सापडावं! "होतं असं," एवढंच म्हणाले आणि पेन घेऊन गॅलरीत जाऊन बसले.

अपर्णाच्या तोंडचं पाणी पळालं. एकदा कौस्तुभने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, बाबांच्या पेनाने कुरिअरवाल्याच्या कागदावर सही ठोकली, तर बाबांनी घर डोक्यावर घेतलं होतं. निब एकाच हाताची असते, दुसऱ्याचा हात लागला की बिनसते म्हणे. असा माणूस आज ओरडतसुद्धा नाही? तिने सरळ रमेशरावांना फोन लावला.

रमेशराव बोधनकर मिसरोदला राहायचे. तेही पेनवेडे, प्रदर्शनातले भागीदार, आणि मनातून मनोहररावांचे पक्के प्रतिस्पर्धी. स्कूटरवर हत्यारांचा डबा टाकून आले आणि दारातूनच गरजले, "काय यार मनोहर, एवढंसं तोंड करून काय बसलायस? दे इकडे. झिरो नंबरचा पॉलिश पेपर मारला की वरचा खाकी थर गेला, आतून काळंकुळकुळीत! सूनबाई, चहा टाका. चहा उकळेपर्यंत पेन नवं."

अपर्णाच्या जिवात जीव आला. रमेशरावांनी पेनाचं टोपण चष्म्याजवळ नेलं.

"आणि हे काय रे? कुणी चावलंय? दातांच्या खुणा आहेत की! असू दे, जरा जोर लावून घासतो, त्याही जातील. एका दगडात दोन पक्षी."

मनोहररावांनी पेन हिसकावूनच घेतलं. "हात लावू नकोस!"

"अरे, मग काय असंच मांडणार? लोक हसतील. म्हणतील, मनोहर हिरूरकरला पेन सांभाळता येत नाही."

"हसू देत." मग आवाज एकदम खाली आला. "सुमित्राचं आहे ते. शाळेचे पेपर तपासायची ना, पोरांनी काही अचाट लिहिलं की हसू दाबायला टोपण चावायची. मी म्हणायचो, अगं, चांगल्या पेनाची वाट लावतेस. ऐकते कसली!"

अपर्णा चहाचा ट्रे घेऊन तशीच उभी राहिली. सासू तिला भेटली होती ती दिवाणखान्यातल्या भिंतीवर. लग्न होऊन ती या घरात आली, त्याआधीच सुमित्राबाई गेल्या होत्या. फोटोत ओठ घट्ट मिटलेले. एकाच नव्हे, अल्बममधल्या झाडून सगळ्या फोटोंत.

"मला तर नेहमी वाटायचं, त्या कडक असतील."

"कडक? ती?" मनोहरराव हसलेच. "दिवसभर खिदळायची. पुढच्या दोन दातांत फट होती, म्हणून कॅमेरा दिसला की तोंड बंद. हे बघ."

टोपणावर दोन खोलगट खुणा होत्या आणि मध्ये गुळगुळीत जागा. अपर्णाने ट्रे ठेवून त्यावरून बोट फिरवलं. तिचे डोळे भरून आले.

"आणि मी हेच धुवायला काढलं, बाबा."

"खोटं कशाला बोलू, पोरी? जीव कळवळला माझा. पण धुतल्याने रंग गेला, दात कुठे गेले? केस पिकले म्हणून माणूस टाकतो का आपण?"

रमेशरावांनी डब्याचं झाकण लावलं आणि चहाचा कप उचलला.

दुसऱ्या दिवशी मराठी मंडळाच्या हॉलमध्ये टेबलं लागली. मखमलीवर पेनं मांडताना एक रीत असते: डाग, चीर, खोट असलेली बाजू खाली. रमेशरावांनी सवयीने खाकी पेनाच्या खुणा मखमलीकडे केल्या. अपर्णाने पेन उचललं, उलटं केलं आणि खुणा वर करून ठेवलं. रमेशरावांनी पुढचं पेन मांडायला घेतलं.

संध्याकाळी गर्दी झाली. सोन्याच्या निबांची वाहवा करत करत अवधपुरीच्या एक बाई तिथवर आल्या आणि थबकल्या.

"अगंबाई! एवढ्या सुंदर पेनांत हे मातकट, चावलेलं कशाला ठेवलंय?"

मनोहररावांनी घसा खाकरला, पण सून पुढे सरसावली.

"रंग ना, तो मी घालवला. गरम पाण्यात टाकलं, काय सांगू तुम्हाला! आणि दात आमच्या आईंचे. ही मधली फट दिसतेय ना? त्या हसायच्या तेव्हा दिसायची. आणि एकदा हसू फुटलं की काय, थांबायचं नावच नाही. टोपण चावून चावून हसू दाबायच्या."

बाईंना हसू आलं. त्यांनी मागच्या मैत्रिणीला हाताने ओढून पुढे आणलं, आणि अपर्णा पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली, दोन बोटांत ती फट दाखवत, रोज पाहिल्यासारखी. मनोहरराव शेजारी उभे राहून ऐकत होते.