चांगुणाबाई चालल्या

मुस्काननं चांगुणाबाईंच्या कमरेभोवतीचा आधाराचा पट्टा आवळला, दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाली, "आता उठायचं हां. एक, दोन, तीन!"

तीन झालं, पण चांगुणाबाई बेडच्या कडेलाच.

"पाय उचलंना गं माय. शिसं भरल्यावानी झालेत."

सकाळी दहापासून त्या कॅज्युअल्टीत चार नंबरच्या बेडवर होत्या. घरी बाथरूममध्ये पडल्या होत्या. एक्स-रे चांगला, सीटी चांगला, रक्त चांगलं. बिघडलेलं काहीच सापडत नव्हतं आणि पाऊल मात्र पडत नव्हतं. संध्याकाळपर्यंत चालल्या नाहीत तर वॉर्डात भरती करायचं, असं ठरलं होतं.

"काय फिजिओ मॅडम, झाली का मालिश?" डॉक्टर अभय पडद्यातून डोकावले. "बाहेर दोन पेशंट स्ट्रेचरवर आहेत. बेड हवाय मला."

मुस्काननं दात आवळले. कॅज्युअल्टीत फिजिओथेरपिस्ट ठेवून बघू, असं म्हणत तिला तीन महिन्यांसाठी घेतलं होतं. ते शुक्रवारी संपत होते; पुढे ठेवायचं की नाही, ते त्या दिवशीच्या मीटिंगमध्ये ठरणार होतं. किती मानेचे, पाठीचे, मुरगळलेल्या घोट्यांचे पेशंट तिनं उभे करून घरी धाडले, पण अभयसरांच्या लेखी ती मालिशवालीच.

तिनं बाईंचे पाय पुन्हा तपासले. पोटऱ्या दगडासारख्या. मान तर अशी ताठ, की सत्तरीची वाटूच नये.

"आजी, आधी काय काम करायच्या तुम्ही?"

चांगुणाबाईंचा चेहरा एकदम उजळला. "घमेली वाहिली. जालन्याहून आलो तवा हितं नुसतं खाजण व्हतं, चिखल न् खारं पानी. ह्या सानपाड्याच्या निम्म्या बिल्डिंगी माझ्या डोक्यावरून वर गेल्यात!"

मुस्कानला कल्पना सुचली. ती पळत गेली आणि सकिना सिस्टरकडून प्लास्टिकचा टब, चादर आणि सलाईनच्या चार बाटल्या घेऊन आली. चादर पिळून चुंबळ करायला बसली. कसली चुंबळ! नुसती जिलेबी. चांगुणाबाईंना ते बघवेना. त्यांनी चादर ओढून घेतली, झटक्यात घट्ट चुंबळ वळली आणि कुणी सांगायच्या आत डोक्यावर ठेवली. मुस्काननं त्यावर बाटल्यांसकट टब ठेवला.

आणि चांगुणाबाई उठल्या.

पट्टा मुस्कानच्या हातात होता, पण सावरायची वेळच आली नाही. कंबर स्थिर, नजर समोर. बारा पावलं गेल्या, वळल्या, बारा पावलं आल्या. टबातली बाटली हलली नाही. मुस्काननं टब उतरवून घेतला, तरी त्या चालतच राहिल्या. थांबायचं त्यांना सुचलंच नाही.

"काय चाल आहे आजी!" सकिना सिस्टर ओरडली. स्ट्रेचरवरच्या एकानं तर टाळ्या वाजवल्या.

तेव्हा कुठे चांगुणाबाईंनी आजूबाजूला पाहिलं. मग त्या मुकाट्यानं बेडवर जाऊन बसल्या.

"मानलं, मुस्कान," डॉक्टर अभय म्हणाले. तिचं नाव त्यांनी पहिल्यांदाच घेतलं होतं. "शुक्रवारच्या मीटिंगमध्ये हीच केस सांगतो. फॉर्म भर, यांना घरी सोडू."

मुस्कान हवेतच होती. फॉर्मची पहिलीच ओळ म्हणजे 'घरी सोबत कोण?' खरं तर पेशंटला उभं करायच्या आधी विचारायची. आज घाईत राहून गेली होती.

"आजी, दिवसभर घरी कोण असतं?"

"कुलूप."

मुस्कान हसली. चांगुणाबाई हसल्या नाहीत. शेजारी उभा असलेला त्यांचा मुलगा प्रितम चपलांकडे बघत बोलला.

"मी आणि बायको, दोघं कामावर असतो मॅडम. मागे आईनं गॅस चालू ठेवला होता, तेव्हापासून बाहेरून लावून जातो. आज पडली तर शेजारी दाराबाहेर उभे. किल्ली घेऊन पोचायला मला दीड तास लागला. वॉर्डात राहिली असती तर... पण चालते ना ती आता."

चांगुणाबाईंनी चुंबळीची चादर सोडवून घडी घातली. "हितं कुनी ना कुनी इचारत व्हतं. आजी, पानी पायजे का, आजी, दुखतंय का." मग हळूच म्हणाल्या, "तू लई हुशार हाईस, लेकी."

मुस्कान डॉक्टर अभयांच्या टेबलाशी गेली.

"सर, एक दिवस ठेवू या ना. घरी सेफ नाहीये."

"तूच चालवलंस ना सगळ्यांसमोर?" त्यांनी मान वर केली नाही. "घरी कोणी नाही, असं लिहिलंस तर सोशल वर्कर येईपर्यंत बेड अडकला. लिही, तुला वाटत असेल तर. मग शुक्रवारी काय सांगायचं, तेही तूच बघ."

मुस्काननं फॉर्म पुढे ओढला. बाहेरून कुणीतरी स्ट्रेचर आत ढकललं. तिनं पहिल्या ओळीपुढे लिहिलं, 'मुलगा आणि सून'. खाली सही केली.

वॉर्डबॉयनं व्हीलचेअर आणली. चांगुणाबाईंनी ती हातानं बाजूला सारली, पदर खोचला आणि प्रितमच्या पुढे दाराकडे निघाल्या. कुणाचा हात धरला नाही.

"आजी, सावकाश जा हां," मुस्कान म्हणाली.

"सावकाशच चालले," मागं न बघता त्या म्हणाल्या. "घाई कशाची हाय?"