घरात दाखवायला काय कमी आहे

माझ्या बाळाला जे दाखवावं ते घरातून जातं. पहिल्यांदा पंखा गेला. दुपारची वेळ होती, बाळ वीस दिवसांचं, रडून लालेलाल झालेलं. मी म्हटलं, "तो बघ पंखा, कसा गरगर फिरतोय." बाळ गप्प झालं आणि छताला नुसता हूक उरला. पंखा बाळाच्या डोळ्यांत फिरत होता, मोहरीएवढा.

"उकडतंय," आई म्हणाली आणि वर्तमानपत्रानं वारा घालायला लागली. बाळंतपणाला मी तिच्याकडं आले होते, आणि तिच्या घरात ब्र काढायची सोय नव्हती.

"गॅलरीत नेऊ का? चिमण्या दाखवते."

"सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही. घरात दाखवायला काय कमी आहे?"

कमी काहीच नव्हतं. घड्याळावर तासभर निभावलं. कुकर, मिक्सर, मग गॅस ओट्यासकट. पाळणा दाखवायला नको होता, पण बाळ असं रडायचं की माझं काळीज तुटायचं. नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी फोनच दाखवून टाकला. सुहासचं हॅलो हॅलो अजून डाव्या डोळ्यातून ऐकू येतं.

चौतिसाव्या दिवशी मी दार दाखवलं. दाराच्या जागी भिंत आली. आईनं भिंत चाचपून बघितली. "बरं झालं," ती म्हणाली, "वारं लागायची भीती गेली."

दुसऱ्या दिवशी ती बाळाच्या मालिशचं तेल कोमट करून आली, आणि सवयीनं माझ्या तोंडून गेलं, "ही बघ आजी आली." तेलाची वाटी फरशीवर टेकली. थेंबही सांडला नाही. मी दिवसभर रडले. मला कुणी काही दाखवलं नाही.

आई आत मजेत आहे. पंखा लावते, कुकर लावते, रिकामा पाळणा हलू नये म्हणून त्याची दोरी खुंटीला बांधून ठेवते. दिसते तांदळाएवढी, पण आवाज तोच.

उद्या सव्वा महिना होतो. आज सकाळी खिडकी संपली, मग वाटी, मग भिंती. दुपारी मी फरशी दाखवली. तेव्हापासून माझे पाय कशावर आहेत ते मी बघत नाही. बाळाला खाली ठेवायला जागा नाही, ते माझ्या हातांवरच आहे. मी गेले तर त्याला धरणार कोण, एवढाच माझा प्रश्न आहे.

आता ते रडतंय. पाठ थोपटून झाली, पाजून झालं, गाऊन झालं. ओठ निळे पडायला लागलेत. त्याच्या डोळ्यांत आईनं दोन ताटं घेतलीत.

"कांचन, जेवायला ये. भात निवतोय."

"बाळाला कोण धरेल, आई?"

"आधी त्याला गप्प कर. किती रडवशील लेकराला?"

"दाखवायला काही उरलं नाही."

"तुला मेलीला समोरचं कधी दिसलंय," आई म्हणाली. तिनं गॅस बारीक केला, पदराला हात पुसले आणि आतून माझ्याकडं बोट केलं.

"ती बघ आई," ती बाळाला म्हणाली.

बाळ गप्प झालं.