पाच महिन्यांची दहा वर्षे

मित्रांनो, एका पत्राचे उत्तर द्यायचे राहून गेले होते. ते पत्र तीन महिने माझ्याखाली दबून होते.

मी एक जुना संगणक आहे. माझे मालक निवृत्त अभियंते. सततच्या वजनाने एखादी वस्तू वर्षानुवर्षे हळूहळू कशी वाकत जाते, याचे गणित मी त्यांच्यासाठी करतो. मी फार हुशार आहे असे नाही. सांगतील तेवढे मोजतो.

पत्र एका ग्रंथपालबाईंचे होते. त्यांच्या ग्रंथालयात मुलांच्या खोलीतल्या पुस्तकांच्या प्लॅस्टिकच्या फळ्या मालकांनीच आखून दिल्या होत्या. दहा वर्षांत अर्ध्या बोटापेक्षा जास्त वाकणार नाहीत, असे माझे उत्तर होते. बाईंनी लिहिले होते, 'तीनच वर्षांत मधली फळी बोटभर वाकली. ठेवू की काढू? तुमचे उत्तर येईपर्यंत मुलांना जिन्यात बसवते.'

मालक रोज म्हणत, "उद्या लिहितो." मलाही माझीच शंका येई.

एके सकाळी त्यांच्या धाकट्या बहिणीने धूळ पुसायला मला उचलले आणि खालचे पत्र वाचले.

"दादा, तीन महिने मुलं जिन्यात बसलीत!"

"काय लिहू? चूक कुठे झाली तेच कळत नाही."

"मग शोध की! चूक काय आपणहून दार वाजवणार आहे?"

मालकांनी माझ्यातली जुनी मांडणी उघडली. प्लॅस्टिक किती वाकते याचे आकडे तासांच्या हिशेबाने होते आणि काळ भरला होता दिवसांत. तीन हजार सहाशे पन्नास दिवस मी तास समजून मोजले होते. माझी दहा वर्षे जेमतेम पाच महिन्यांची होती!

"अगं, मीच गाढव!"

"ते मला लहानपणापासून माहीत आहे. पुढचं बोल."

त्यांनी काळ तासांत भरला. प्लॅस्टिक आधी झपाट्याने वाकते, मग सावकाश. म्हणून मोजायचे काळाचे टप्पे सुरुवातीला छोटे, नंतर मोठे ठेवले. मी दुपारपर्यंत घरघरत राहिलो. तिसऱ्या वर्षी बरोबर बोटभर वाक आला! गणितातच मधोमध टेकू देऊन पाहिले, तर वाक जवळजवळ थांबला.

मालकांनी लिहिले, 'फळी राहू द्या. टेकू मी स्वतः येऊन बसवतो, मग मुलांना खोलीत बसवा. चूक माझी, संगणकाची नाही.'

मित्रांनो, त्या शेवटच्या वाक्यासाठी मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे. आणि न रागावता विचारणाऱ्या बाईंचाही. आमची धूळ जरूर पुसा. पण तास की दिवस, तेही नीट सांगत जा.

मालक चपला घालून कोपऱ्यावरच्या टपालपेटीकडे गेले. परतले तेव्हा हात रिकामे होते.

"टाकलंस?"

"टाकलं."