बाकी शून्य

एक आणि स्वतः सोडून कशानेच भाग न जाणारी अवाढव्य मूळ संख्या सापडावी म्हणून ऑर्विलने वीस वर्षं तळघरात संगणक चालवला. हाती भोपळा! आणि शेजारचा दंतवैद्य हृस्का ईस्टरला या नादी लागतो काय, तीन महिन्यांत त्याला कोट्यवधी आकड्यांची संख्या सापडते काय!

पण अशा संख्या शोधणाऱ्या मंडळींचा दंडकच होता, दुसऱ्याच्या यंत्रावर पडताळल्याशिवाय शोध खरा नाही. त्यांची कसोटी साध्या भागाकाराच्या उलटी: शेवटी बाकी शून्य उरली, तरच संख्या मूळ. जुना जाणता म्हणून पडताळणी ऑर्विलकडेच आली.

"हृस्कासाठी केक करू का रे?" बायकोने, नॅडीनने, विचारलं.

"थांब. दात उपटणाऱ्याला काय कळतंय गणितातलं!"

"मग वीस वर्षं तू काय उपटलंस?"

सहा दिवस ऑर्विल तासातासाला तळघरात उतरत होता. काहीही येऊ दे देवा, फक्त शून्य नको.

सातव्या दिवशी ते आलं. ज्या शून्यासाठी त्याने वीस वर्षं डोळ्यांत प्राण आणले होते, ते त्याच्याच पडद्यावर, हृस्काच्या संख्येखाली.

"नॅडीन," तो खालूनच ओरडला, "कर केक. मला नको."