राजापूरच्या गासडीचा सर्व्हे

जहाजातून उतरलेला माल ओला निघाला, की तो कशाने भिजला आणि चूक कुणाची हे सांगणं हा माझा धंदा होता. मुंबई बंदरात सव्वीस वर्षं मरीन सर्व्हेयर म्हणून काढली. साखर, कापूस, सिमेंट, कागद, सगळं ओलं बघितलंय. सुरुवातीला बाई म्हणून मला जहाजाच्या शिडीवर पाय ठेवू देईनात. पुढे पुढे मी शिडीवर दिसले की कॅप्टन लोकांचीच तोंडं उतरायला लागली. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. बरं, थोडी फुशारकी म्हणूनच सांगतेय.

निवृत्त झाल्यावर सहा महिन्यांसाठी धाकट्या बहिणीकडे, शैलजाकडे, अमेरिकेत ईडन प्रेरीला आले. शैलजा आणि तिचा नवरा दोघंही आयटीत, दिवसभर कानाला हेडफोन. माझी खरी सोबत म्हणजे त्यांची मुलगी केया. सत्तावीस वर्षांची, इथेच जन्मलेली. मिनिॲपोलिसमधल्या एका लहानशा वस्त्रसंग्रहालयात जुनी कापडं सांभाळते. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलायला गेली की निम्मं इंग्रजीच बाहेर येतं.

मार्च संपत आला तरी अंगणातला बर्फ काही हलायचं नाव घेत नव्हता. एका रविवारी सकाळी केया लॅपटॉपसमोर तोंड पाडून बसली होती. मी चहा दिला तर तिने माझ्याकडे न बघताच विचारलं, "मावशी, कापड पॅक करताना ओलं असेल तर किती दिवसांत रॉट होतं?"

"ओलं कापड बांधतं कोण?" मी म्हटलं.

"राजापूरचे लोक. असं इथे लिहिलंय."

मग तिने सगळं सांगितलं. सतराव्या शतकाच्या शेवटी 'प्रॉव्हिडंट ॲन' नावाचं एक व्यापारी जहाज राजापूरहून निघालं. खाली मिरी, वर सुती कापडाच्या गासड्या. आफ्रिकेच्या टोकाशी त्याला वादळाने गाठलं आणि नऊ दिवस सोडलं नाही. इंग्लंडला पोचल्यावर कॅप्टनने शपथेवर लिहून दिलं, की लाटांचं पाणी शिरून कडेच्या गासड्या भिजल्या, तिथे माझा इलाज चालला नाही. पण मधल्या बारा गासड्यांपर्यंत समुद्राचा थेंबही पोचला नव्हता. तरी त्या सडल्या, म्हणजे हिंदुस्थानातल्या माणसांनी त्या ओल्याच बांधल्या होत्या, असं त्याचं म्हणणं. त्या बारांतली एक गासडी फिरत फिरत या संग्रहालयात आली होती. मे महिन्यात तिचं प्रदर्शन होतं आणि केयाने एकटीने उभं केलेलं ते पहिलंच प्रदर्शन. गासडीशेजारच्या फलकावर कॅप्टनचं म्हणणं जसंच्या तसं लागणार होतं, आणि त्याखाली केयाचं नाव.

"माझ्या नावाखाली हे नकोय मला," केया म्हणाली. "पण आमच्या डायरेक्टर मिसेस हॅन्सन म्हणतात, दुसरा काही एव्हिडन्स आहे का? नसेल तर कॅप्टनचं स्टेटमेंट हेच एव्हिडन्स."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. असली शपथपत्रं मी शेकड्यांनी वाचलीत. आजही कॅप्टन बंदरात शिरला की आधी वादळाचा कागद करतो. त्यात वादळ नेहमी भयंकरच असतं, खलाशी नेहमी शर्थ करतात आणि चूक नेहमी जो तिथे हजर नसतो त्याची. आता हा बाबा तीनशे वर्षांपूर्वी मरून गेला आणि अजून आमच्या गासडी बांधणाऱ्यांच्या नावाने बोटं मोडतोय. मी म्हटलं, "चल, मला गासडी दाखव."

"मावशी, तिथे बाहेरच्या लोकांना हात लावू देत नाहीत."

"हात कोण लावतंय? नुसती बघते."

सोमवारी तिने मला नेलं. कपाळावर दिवा बांधलेल्या, निळे हातमोजे घातलेल्या दोन मुली आणि मध्ये मोठ्या टेबलावर ती गासडी, उलगडून ठेवलेली. वरचं गोणपाट, आत जागोजाग तडकलेलं मेणकापड, आत घड्या घातलेलं कापड. काथ्याचा दोर अजून शाबूत होता. काय ती बांधणी. चारी कोपरे आत मुडपलेले, टाके बोटभर अंतरावर, एक इकडचा तिकडे नाही. ज्याने हे बांधलं त्याला कामाची चाड होती. आणि कापडावर मोठमोठे तपकिरी डाग. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. त्या माणसाचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही, आणि त्याच्यावरचा आळ मात्र जपून ठेवलाय.

मी तिथल्या तिथे निकाल देऊन टाकला. "हे समुद्राचं पाणी आहे. कॅप्टन खोटं बोलतोय. त्याचं डेक गळत होतं आणि ते झाकायला त्याने हे कुभांड रचलं. सिल्व्हर नायट्रेट आण. थेंब टाकला आणि पांढरं दुधासारखं झालं की मीठ."

"थेंब?" केया किंचाळायचीच राहिली. "तीनशे वर्षं जुन्या कापडावर?" मग तिने तिची पद्धत काढली. ओलसर टीपकागद डागावर हलकेच दाबायचा, तो कागद पाण्यात बुडवायचा आणि त्या पाण्यात थेंब टाकायचा. कापडाला काही होत नाही. तीन डागांवर तीन कागद दाबले. तिन्ही नळ्यांतलं पाणी पांढरं झालं.

मी जिंकले होते. त्या आठवड्यात मी कुणाला सोडलं नाही. शैलजाला सांगितलं, तिच्या मैत्रिणींना सांगितलं, पुण्यातल्या चुलतभावाला फोन करून सांगितलं. शैलजा म्हणाली, "ताई, अगं प्रदर्शन केयाचं आहे, तुझं नाही." मी तिकडे लक्ष दिलं नाही. मिसेस हॅन्सननी तर मला संग्रहालयाच्या कमिटीपुढे बोलायचं रीतसर आमंत्रण दिलं. गुरुवारी दुपारी दोनला. फलकाचा मजकूर त्याच दिवशी ठरून छपाईला जाणार होता.

बुधवारी संध्याकाळी केया उशिरा घरी आली. जेवताना म्हणाली, "मावशी, मला त्या टेस्टबद्दल काहीतरी सांगायचंय." तेवढ्यात चुलतभावाचा फोन आला आणि मी उठले. गुरुवारी गाडीत ती पुन्हा म्हणाली, "मावशी, ऐक ना." मी म्हटलं, "तू घाबरू नकोस. काही विचारलं तर मी बघते." ती गाडी चालवत राहिली.

कमिटीत सहा माणसं होती. मी ठेवणीतली इरकली नेसले होते, वर शैलजाचा कोट. वीस मिनिटं बोलले. शपथपत्रं कशी लिहितात ते सांगितलं, मीठ सापडलं ते सांगितलं, आणि शेवटी ठणकावून म्हटलं, की गासडी खाऱ्या पाण्याने भिजली आहे, बांधणाऱ्यांचा काही दोष नाही आणि कॅप्टन खोटारडा आहे. सगळ्यांच्या माना डोलत होत्या. मिसेस हॅन्सन म्हणाल्या, "मग फलकावर हेच लिहू या का?"

केया उभी राहिली. ती म्हणाली, "नाही. माझी मावशी चुकते आहे."

मला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

केया बोलत राहिली, इंग्रजीत, हळू पण न अडखळता. "आम्ही फक्त डागांची टेस्ट केली. काल मी कापडाच्या स्वच्छ, कोरड्या भागांचीही केली. तिथेही मीठ आहे. तेवढंच. बाहेर, आत, डागावर, डागाबाहेर, सगळीकडे सारखं. कदाचित ज्या पाण्यात कापड धुतलं तेच मचूळ असेल. पण वादळाचं पाणी आत शिरलं, हे या मिठावरून सिद्ध होत नाही."

माझे कान तापले. कर्म माझं. कोरड्या मालाचाही नमुना घ्यायचा, हा सर्व्हेचा पहिला नियम. डाग खारट आहे एवढ्याने काही कळत नाही. चांगला माल किती खारट आहे ते आधी बघायचं. हा नियम विसरला म्हणून मी एका पोराला भर गोदीत रडवलं होतं. आणि मीच विसरले. विसरले तरी का? कारण मला कॅप्टन खोटा ठरायला हवा होता. आपल्या माणसांवरचा आळ बघून मी इतकी पेटले, की माल बघायच्या आधीच निकाल देऊन बसले.

"मग कॅप्टन खरा होता?" एका गृहस्थाने विचारलं.

"नाही," केया म्हणाली. तिने भिंतीवर फोटो लावला. "डाग कुठून सुरू झालेत ते बघा. गोणपाटाच्या एकाच बाजूला, वरून पडलेल्या थेंबांसारखे, एका सरळ रेषेत. सगळ्यात वरच्या कापडावर गडद, त्याखालच्यावर फिके. गासडीच्या अगदी मधलं कापड स्वच्छ आहे. ओलं बांधलं असतं तर ते मधूनच सडायला लागलं असतं. ही गासडी कोरडीच बांधली होती."

मग तिने इंग्लंडहून मागवलेली जहाजाच्या रोजनिशीची नक्कल काढली. वादळ नऊ दिवस होतं. मालाच्या कोठारावरची झाकणं मात्र तेवीस दिवस बंद होती. वादळ सरल्यावर दोन आठवडे कुणी ती उघडलीच नाहीत. खाली मिरी, ऊबदार आणि दमट. वर थंड पडलेलं डेक. आतली वाफ डेकच्या खालच्या अंगाला जाऊन लागली आणि तुळईच्या रेषेत थेंब थेंब गासड्यांवर पडत राहिली. बंदरात आम्ही याला जहाजाला घाम आला असं म्हणतो. मी हे हजार वेळा बघितलंय. या वेळी माझ्या समोर टेबलावर होतं आणि मला दिसलं नाही.

"कॅप्टन मुद्दाम खोटं बोलला, असं मी म्हणणार नाही," केया शेवटी म्हणाली. "त्याला कदाचित कळलंच नसेल. पण चूक राजापूरच्या लोकांची नव्हती. एवढं मी माझ्या नावाने लिहू शकते."

मिसेस हॅन्सन माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला हे मान्य आहे का?" सहाच्या सहा जण माझ्याकडे बघायला लागले. केया मात्र टेबलाकडे बघत होती. मी नुसतं म्हटलं असतं, की हो, पण मीठही महत्त्वाचं आहे, तर माझी अब्रू राहिली असती. वयाने मोठी, सव्वीस वर्षांचा अनुभव, पाहुणी. फलकावर दोन्ही मतं आली असती आणि केयाचं सगळं अर्धवट होऊन बसलं असतं.

मी विचारलं, "कोरडे नमुने किती ठिकाणचे घेतलेस?"

"सात," केया म्हणाली.

"मी तीन घ्यायचे," मी म्हटलं. "माझा रिपोर्ट मी मागे घेते. हिचा घ्या. हिच्या रिपोर्टमध्ये मला एकही भोक सापडत नाही, आणि भोकं शोधायचा मला पगार मिळायचा."

गाडीत बसल्यावर केयाने स्टीअरिंगवर डोकं टेकलं. "सॉरी मावशी. आय ट्राइड टु टेल यू. सगळ्यांसमोर नको होतं बोलायला."

"सॉरी कसलं?" मी म्हटलं. "ऐक. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या साहेबांनी तांदळाच्या एका जहाजाचा रिपोर्ट चुकीचा दिला. माझ्यासमोर, भर मीटिंगमध्ये. ते चुकतायत हे मला ठाऊक होतं. तांदूळ भरणाऱ्या कंत्राटदाराचं नाव त्यात कायमचं खराब झालं. साहेब मला मुलीसारखं वागवायचे, त्यांना सगळ्यांसमोर कसं खोटं पाडायचं, म्हणून मी तोंड उघडलं नाही. चोवीस वर्षं झाली. हे मी तुझ्या आईलासुद्धा सांगितलेलं नाही."

केयाने डोकं उचललं. माझा हात घट्ट धरला.

मे महिन्यात प्रदर्शन उघडलं. फलकावर लिहिलंय, की ही गासडी राजापूरच्या कारागिरांनी कोरडी आणि निगुतीने बांधली होती. वादळानंतर कोठार बंद राहिल्याने कापड खराब झालं. खाली केयाचं नाव. शैलजा आणि तिचा नवरा फोटो काढत होते. मी फलकाशेजारी एक स्टूल मागून घेतलं आणि दिवसभर तिथेच बसले. जो कुणी फलक वाचायला थांबेल त्याला मी थांबवून सांगत होते, "ही केया माझी भाची. सव्वीस वर्षांत कुठल्या कॅप्टनला मला खोटं पाडता आलं नाही. हिने पाडलं, भर सभेत."