सातव्या नदीवरची धाप

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ गेम आहे. निदान इतकी वर्षं मी तसं समजत आलो. आता मात्र कुणी विचारलं, की बाबा रे, तू नेमका कुठला, तर मला चटकन उत्तर देता येणार नाही. कारण मी एका जागी नाही. एक मी राखाडी प्लॅस्टिकच्या कॅसेटमध्ये आहे. एक मी चकचकीत तबकडीवर आहे. एक मी तर कशातच नाही, नुसता तारेतून येतो आणि यंत्रात उतरतो. सगळ्यांवर नाव मात्र एकच, 'खारूताईच्या नऊ नद्या'.

तुम्ही हसाल. पण उद्या तुमच्या घरी तुमच्यासारखीच दिसणारी, तुमचंच नाव लावणारी आणखी तीन मुलं येऊन जेवायला बसली, आणि आई चौघांनाही तितक्याच मायेने वाढू लागली, तर तुम्ही काय कराल? माझं तसंच झालं आहे. मला सगळीकडचं आठवतं. कसं, ते मलाच कळत नाही.

माझा जन्म टायरच्या दुकानावरच्या एका खोलीत झाला. खोलीत दोन टेबलं, एक पंखा आणि भिंतीला टेकवून ठेवलेली सायकल होती. एका टेबलाशी प्रोग्रामरबाई बसत. खारूताईने किती उंच उडायचं, ओंडका किती वेगाने वाहायचा, हे सगळं त्या आकड्यांत आणि अक्षरांत लिहीत. दुसऱ्या टेबलाशी त्यांचे दीर बसत. ते चौकटीच्या कागदावर एकेक चौकट रंगवून माझी चित्रं काढत. खारूताई ओंडक्यावरून ओंडक्यावर उड्या मारत नऊ नद्या ओलांडते, बस, एवढाच मी.

सातव्या नदीवर घोटाळा झाला. दीरांनी तिथे तीस बेडूक सोडले. प्रत्येक बेडूक कुठे आहे, याचा हिशेब यंत्राला दर क्षणी करावा लागे. बिचारं यंत्र! त्याला धाप लागायची. सगळा पडदा मंद व्हायचा, खारूताई हवेत तरंगल्यासारखी हळूहळू खाली यायची, आणि माझं गाणंसुद्धा रेंगाळायचं.

"भाऊजी, बेडूक कमी करा. यंत्राला झेपत नाहीयेत," प्रोग्रामरबाई म्हणाल्या.

"नदीत बेडूक नाही ठेवायचे, तर काय स्टुलं ठेवायची, वहिनी?"

"निदान दहा तरी काढा."

"कुठले दहा? तुम्हीच सांगा. मला सगळे सारखेच प्रिय आहेत."

बाईंनी पंधरा दिवस डोकं लावलं, पण धाप काही गेली नाही. शेवटी त्यांनी माझ्या ओळींमध्ये एक टीप लिहून ठेवली, 'इथे यंत्राला दम लागतो. वेळ मिळाला की दुरुस्त करणे.' तो वेळ कधीच मिळाला नाही. मी तसाच दुकानात गेलो.

आणि मजा बघा, मुलांना सातवी नदीच सगळ्यात आवडली. सहा नद्यांवर जिवाच्या आकांताने बटणं दाबून बोटं दुखायला लागायची, आणि मग एकदम सगळं जग सावकाश व्हायचं. श्वास घ्यायला जागा मिळायची. मुलांना वाटलं, हे मुद्दामच केलंय. ऐकून ऐकून मलाही तसंच वाटायला लागलं.

मग मला दुसऱ्या यंत्रावर नेलं. याला पोर्ट करणं म्हणतात. प्रत्येक यंत्राची भाषा वेगळी, रंग वेगळे, बटणं वेगळी. एका यंत्रासाठी लिहिलेला खेळ उचलून दुसऱ्यात ठेवला, की चालला, असं होत नाही. त्याला तिथल्या भाषेत पुन्हा बसवावं लागतं. माझ्या दुसऱ्या यंत्रात तपकिरी रंगच नव्हता. म्हणून तिथली खारूताई जांभळी झाली. तिथे खेळलेली मुलं आज आईबाप झाली आहेत, आणि त्यांच्या मते खारूताई जांभळीच असते. कुणी तपकिरी दाखवली की म्हणतात, ही नक्कल आहे. मला कुणाचीच बाजू घेता येत नाही.

पुढे पुढे तर गोंधळ वाढतच गेला. एका ठिकाणी माझ्या ओळींना हातही न लावता जुन्या यंत्राचं सोंग घेणारा प्रोग्राम लिहिला आणि मला त्याच्या पोटात बसवलं. ते सोंग इतकं हुबेहूब, की त्यालाही सातव्या नदीवर धाप लागायची. दुसऱ्या ठिकाणी मला पहिल्यापासून नव्याने लिहून काढलं. हे दोन्ही करणारे दोघं एकाच कचेरीत समोरासमोर बसत.

"तुझा पोर्टच नाही," एक म्हणाला. "तू नुसतं जुनं यंत्र उभं केलंस. खेळाला काय केलंस?"

"काही नाही केलं. म्हणून तर तो तोच आहे. तुझ्यात जुनी एक तरी ओळ शिल्लक आहे का?"

"ओळी कोण बघतं? चालतो तसाच ना?"

"तसाच चालतो?"

"तसाच. उलट बरा."

दोघंही पडद्यावर बोट ठेवून 'हा खरा' म्हणत होते. दोन्ही पडद्यांवर मीच होतो. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी काय सांगणार होतो?

नव्याने लिहिणारे ते गृहस्थ मोठे मनापासून काम करणारे होते. त्यांना प्रोग्रामरबाईंची टीप सापडली. त्यांचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांनी बाईंची इच्छा आपण पुरी करतोय, या आनंदात त्यांनी माझी धाप काढून टाकली. नव्या यंत्राला तीस काय, तीन हजार बेडूक झेपतात. मग खोक्यावर छापलं, 'तोच खेळ, आता नव्या यंत्रावर.'

आता मी तुम्हाला भिंगरीची गोष्ट सांगतो. तिच्यामुळेच मी इतका गोंधळलो आहे.

भिंगरी नऊ वर्षांची. एका जागी बसणं ठाऊक नाही म्हणून घरात तिला हे नाव पडलं. जिन्यावरून उतरताना तिचा उजवा हात मोडला. प्लॅस्टर निघालं तेव्हा अंगठा आणि दोन बोटं ताठ झाली होती. व्यायाम शिकवणाऱ्या ताई तिच्या आईला म्हणाल्या, "पुढचे सहा आठवडे महत्त्वाचे. बोटं रोज हलली पाहिजेत. आत्ता आळस केला, तर ती अशीच राहतील."

'अशीच राहतील' हे दोन शब्द आईच्या डोक्यात ठाण मांडून बसले. तिने मळलेली कणीक दिली, मणी ओवायला दिले. भिंगरी पाच मिनिटांत कंटाळायची. मग एके दिवशी आईने कपाटावरची बॅग खाली काढली. त्यात तिच्या लहानपणीचं यंत्र होतं, आणि राखाडी कॅसेटमध्ये मी होतो.

भिंगरी रोज संध्याकाळी अर्धा तास खेळायची. आई कपड्यांच्या घड्या घालत शेजारी बसायची. नजर घड्यांवर, लक्ष अंगठ्यावर. दोन-तीन दिवसांना एक नदी, या बेताने अंगठा वाकू लागला. सातव्या नदीवर यंत्राला धाप लागली, आणि भिंगरीच्या ताठ अंगठ्याला हवा तेवढा वेळ मिळाला. ती पलीकडे पोचली. आईने कॅलेंडरवर तारखेभोवती गोल केला.

चारच दिवसांनी जुनं यंत्र बंद पडलं. दुरुस्तीवाले काका म्हणाले, "याचा आतला भाग आता मिळत नाही, ताई. कुठेच नाही." आईने एक दिवससुद्धा वाया जाऊ दिला नाही. खोक्यावर 'तोच खेळ' असं वाचून तिने नवं यंत्र आणलं.

सहा नद्या भिंगरीने ओलांडल्या. सातव्या नदीत ती पडली. पुन्हा पडली. त्या संध्याकाळी अकरा वेळा पडली. दुसऱ्या दिवशी चौदा वेळा. तिसऱ्या दिवशी ती खेळायलाच बसली नाही.

"सवय नाही अजून," बाबा म्हणाले. "होईल."

"आधी जमत होतं," भिंगरी म्हणाली. "आता नाही जमत. हात परत बिघडलाय."

तिने उजवा हात फ्रॉकच्या खिशात घातला. जेवताना डावा हात, दार उघडताना डावा हात. शाळेच्या वहीत ती डाव्या हाताने वेडीवाकडी अक्षरं काढू लागली. मणी डब्यात पडून राहिले. सहापैकी चौथा आठवडा चालू होता. आई तिचा अंगठा झोपेतसुद्धा दाबून बघायची, आणि स्वतःलाच विचारायची, खरंच ताठ झालाय की मलाच तसं वाटतंय? तिला कळेना. मलाही कळेना. मी तर तोच होतो ना? खोक्यावर तसं लिहिलं होतं.

मग रविवारी दुपारी एक गोष्ट घडली. भिंगरीचे बाबा सहज म्हणून खेळत होते. आई पाठमोरी बसून उशांचे अभ्रे घालत होती आणि माझं गाणं गुणगुणत होती. लहानपणापासूनचं पाठ गाणं, तोंडात आपोआप येणारं. सातवी नदी आली आणि तिचं गुणगुणणं मागे पडलं. पडद्यावरचं गाणं पुढे निघून गेलं.

ती थांबली. "परत लावा."

"काय परत लावा? मी बुडलो."

"सातवी नदी परत लावा. बुडा हवं तर."

तिने घड्याळ हातात घेतलं. पडद्यावर ते कडवं सहा सेकंदांत संपलं. तिच्या गुणगुणण्यात दहा सेकंद लागले. तिने तीनदा मोजलं. गाणं तिथे सावकाश आहे, असं तिने आयुष्यभर गृहीत धरलं होतं. ते सावकाश कुणी लिहिलंच नव्हतं.

"भिंगरी, तुझा हात नाही बिघडला," ती म्हणाली. "ही नदीच जोरात वाहतेय."

"तू मला बरं वाटावं म्हणून सांगतेस."

"घड्याळ बघ."

"घड्याळ तुझं, गाणं तुझं. मला काय कळतंय?"

भिंगरीचं म्हणणं खोटं नव्हतं. आई बरं वाटावं म्हणून पुष्कळ काही सांगायची. मग तिने राखाडी कॅसेटमधल्या मला पर्समध्ये टाकलं, भिंगरीचा डावा हात धरला आणि दुरुस्तीवाल्या काकांचं दुकान गाठलं. काकांकडे कॅसेट तपासायला ठेवलेलं एक जुनं यंत्र होतं. बरण्यांच्या झाकणांत स्क्रू, आणि मधोमध ते यंत्र.

"हे विकायचं नाही हं, ताई. ठेवणीतलं आहे."

"विकत नको. पंधरा मिनिटं खेळू द्या हिला."

भिंगरीने खिशातून हात काढायला वेळ लावला. सहा नद्या गेल्या. सातवीवर ती पडली. पुन्हा पडली. आई दाराकडे तोंड करून उभी राहिली, तिला बघवेना. तिसऱ्यांदा तीस बेडूक आले, यंत्राला धाप लागली, गाणं रेंगाळलं. अंगठा वाकला, दाबला, वाकला, दाबला. खारूताई पलीकडे.

काकांनी तिचा अंगठा बघितला, मग पडदा.

"या यंत्राला तिथे दम लागतो," ते म्हणाले. "नव्याला लागत नाही. पोरीचा काय दोष?"

"मग खरा खेळ कुठला?" भिंगरीने विचारलं.

"ज्यांनी लिहिला, त्यांना विचारायला हवं."

मित्रांनो, इथेच माझी मती गुंग होते. लिहिणाऱ्या बाईंना धाप नको होती, तशी टीपच आहे. म्हणजे त्यांच्या मनातला मी म्हणजे नवा मी, जो त्यांनी कधी चालताना पाहिलाच नाही. आणि ज्याच्यावर मुलांनी जीव लावला, तो मी अर्धा माझा आणि अर्धा एका दमलेल्या यंत्राचा होता. मला नव्या घरी नेताना सामान सगळं नेलं. धाप तेवढी मागे राहिली, कारण ती सामानात कुणी धरलीच नव्हती. मग मी पोचलो की नाही? मी रोज विचार करतो. रोज वेगळं उत्तर येतं.

भिंगरीला मात्र इतका विचार करायला वेळ नव्हता. शुक्रवारी तिने व्यायामाच्या ताईंसमोर आपणहून हात पुढे केला. मणी पुन्हा बाहेर आले. नव्या यंत्रावरची सातवी नदी तिला अजून जमलेली नाही. ती पडते, आणि नदीला म्हणते, "तूच पळतेस गं," आणि पुन्हा उडी मारते.

त्या शुक्रवारी घरी आल्यावर तिने माझं नवं खोकं मांडीवर घेतलं. उजव्या हातात पेन्सिल धरली. अंगठा अजून पुरता वाकत नव्हता. 'तोच खेळ' या छापील अक्षरांखाली तिने सावकाश लिहिलं, 'सातवी नदी सोडून.' अक्षरं तिरकी आली. आईने रबर पुढे केलं नाही.

मला इथून तिथे नेणाऱ्या मोठ्या माणसांनो, माझी एवढीच विनंती आहे. मला जरूर न्या, रंग बदला, ओळी बदला. पण काय मागे राहिलं, ते खोक्यावर प्रामाणिकपणे लिहा. आणि मित्रांनो, उद्या तुमच्या शेजारी कुणी पुन्हा पुन्हा पडत असेल, तर त्याच्या हाताकडे बघण्याआधी एकदा नदीकडे बघा.